घरच्या स्टुडिओत बँडचे मल्टिचॅनल रेकॉर्डिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या एखाद्या खोलीत पाच-सहा जणांचा बँड एकत्र वाजवत असताना प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेण्याविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नकर्त्यांकडे फ्लॅटमधली एक मध्यम आकाराची खोली, एक लॅपटॉप आणि गायक, गिटार, बेस, हार्मोनियम, तबला किंवा ढोलकी असा संच असतो; काहींकडे ड्रम सेटही असतो. उत्तरे हाच संच समोर ठेवून लिहिली आहेत. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

प्र. १. मल्टिचॅनल रेकॉर्डिंग म्हणजे नेमके काय? चांगल्या स्टिरिओ रेकॉर्डरने काम भागणार नाही का?

स्टिरिओ रेकॉर्डरमध्ये सगळ्या वाद्यांचे मिश्रण रेकॉर्डिंगच्या क्षणीच पक्के होते. ढोलकी मोठी आणि गायक लहान झाला, तर नंतर त्यावर फारसा उपाय उरत नाही. मल्टिचॅनल पद्धतीत प्रत्येक माइकचा आवाज स्वतंत्र ट्रॅकवर साठतो आणि पातळी, बाजू, इको यांचा निर्णय नंतर शांतपणे घेता येतो. बैठकीचे गाणे असेल, खोलीचा नाद सुरेख असेल आणि वादकांना आपापला आवाज सांभाळण्याची सवय असेल, तर दोन उत्तम माइकवरचे स्टिरिओ रेकॉर्डिंग आजही अतिशय जिवंत वाटते. बेस, गिटार अँप किंवा ड्रम असलेल्या बँडला मात्र स्वतंत्र ट्रॅक आवश्यकच आहेत.

प्र. २. आमच्या बँडला किती चॅनल लागतील?

बँडमध्ये किती माणसे आहेत यापेक्षा आवाजाचे उगम किती आहेत ते मोजावे. गायक एक, हार्मोनियम एक, ॲकॉस्टिक गिटार एक, बेस एक, तबला आणि डग्गा मिळून दोन, असे सहा चॅनल होतात. ढोलकी किंवा पखवाज असल्यास आणखी दोन धरावेत. म्हणजे आठ माइक इनपुट असलेला इंटरफेस (माइक आणि वाद्ये संगणकाला जोडणारे उपकरण) अशा संचाला पुरतो. ड्रम सेट आला की चार ते आठ चॅनल वाढतात (प्र. १२ पाहा). माझे स्पष्ट मत असे आहे की सोळा चॅनलच्या मोहात पडण्याआधी आठ चॅनल नीट वापरायला शिकावे, कारण प्रत्येक जादा माइक आपल्या वाद्याबरोबर शेजारच्या चार वाद्यांचा आवाजही टिपतो.

प्र. ३. आमच्या मिक्सरला यूएसबी आहे, पण लॅपटॉपवर दोनच ट्रॅक दिसतात. काही बिघाड आहे का?

बिघाड नाही. यूएसबी असलेले अनेक स्वस्त ॲनालॉग मिक्सर बारा इनपुट घेत असले, तरी संगणकाकडे डावा आणि उजवा असा तयार स्टिरिओ मिक्सच पाठवतात. या एका गैरसमजापायी अनेक बँडचे पैसे वाया जातात, म्हणून खरेदीपूर्वी माहितीपत्रकात यूएसबीवरून किती चॅनल एकाच वेळी बाहेर पडतात, तो आकडा शोधावा. बेहरिंगर एक्सआर१८ हा डिजिटल मिक्सर १८ चॅनल स्वतंत्रपणे संगणकाला देतो, तर झूम लाइव्हट्रॅक एल-१२ सारखा मिक्सर लॅपटॉपशिवाय थेट मेमरी कार्डावर वेगवेगळे ट्रॅक साठवतो. ज्या बँडला कार्यक्रमही करायचे असतात, त्याला इंटरफेसपेक्षा असा मिक्सर अधिक उपयोगी पडतो.

प्र. ४. आठ इनपुट कमी पडत आहेत. दुसरा यूएसबी इंटरफेस जोडून सोळा करता येतील का?

मॅकवर ॲग्रिगेट डिव्हाइस (दोन इंटरफेस एकच असल्यासारखे दाखवणारी सोय) तयार करून हे बहुधा जमते. विंडोजवर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर साधारणपणे एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेसशी संपर्क साधणारे सॉफ्टवेअर) वापरते, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे इंटरफेस एकत्र चालवण्याच्या खटपटीत न पडणेच बरे. खात्रीचा मार्ग एडॅट या ऑप्टिकल जोडणीचा आहे. फोकसराइट स्कार्लेट १८आय२० किंवा बेहरिंगर यूएमसी१८२० यांसारख्या इंटरफेसला एडॅट इनपुट असते. तेथे बेहरिंगर एडीए८२०० सारखा आठ प्रीॲम्पचा (माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या सर्किटचा) संच एका ऑप्टिकल केबलने जोडला की एकूण सोळा माइक मिळतात. येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एडॅटची एक केबल ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनल वाहते. ९६ किलोहर्ट्झला तीच केबल फक्त चार चॅनल वाहू शकते, आणि तेही दोन्ही उपकरणांची तशी सोय असेल तरच. दुसरे म्हणजे दोन्ही उपकरणांनी एकाच घड्याळावर (आवाजाची मोजमापे घेण्याच्या एकाच ठोक्यावर) चालले पाहिजे: एक मास्टर, दुसरे त्याच्या मागे. दोन्ही आपापल्या घड्याळावर चालली, तर काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी ट्रॅकवर बारीक टिकटिक उमटते आणि ती नंतर साफ करणे फार कष्टाचे असते.

प्र. ५. सँपल रेट आणि बिट डेप्थ किती ठेवावी? डिस्कवर जागा किती लागेल?

सँपल रेट म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापे घ्यायची आणि बिट डेप्थ म्हणजे प्रत्येक मोजमाप किती बारकाईने नोंदवायचे; ते ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ठेवावे. १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो आणि तो तयार गाणे ऐकण्यासाठी पुरेसा आहे. रेकॉर्डिंग करताना मात्र २४ बिटमुळे पातळी मुद्दाम कमी ठेवण्याची मोकळीक मिळते. या हिशेबाने एका चॅनलला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी लागतात, म्हणजे बारा चॅनलचे तासभराचे रेकॉर्डिंग सुमारे ६.२ जीबी होते. फाइल एसएसडीवर थेट लिहाव्यात आणि त्याच रात्री दुसऱ्या डिस्कवर त्यांची प्रत घ्यावी.

प्र. ६. गेन किती ठेवावा? तालमीत बरोबर असलेली पातळी टेक सुरू होताच लाल का होते?

तालमीत हातचे राखून वाजवले जाते आणि टेकमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्डिंगच्या वेळी, जोर चढतो, म्हणून असे होते. गेन (माइकचा आवाज आत घेताना किती वाढवायचा ते) लावताना प्रत्येक वादकाला गाण्यातला सर्वांत जोरकस भाग वाजवायला सांगावा आणि मीटरवरचे शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. सरासरी पातळी उणे १८ च्या जवळ असली तरी काही बिघडत नाही. मीटर वरपर्यंत भरलेच पाहिजे हा नियम टेपच्या आणि १६ बिटच्या काळातला आहे. पखवाज असेल, तर डाव्या पुडीवरची कणीक वाळू लागली की नाद आणि जोर दोन्ही बदलतात, त्यामुळे कणीक पुन्हा लावल्यावर पातळी पुन्हा तपासावी. टाळ आणि झांज यांची शिखरे इतकी तीक्ष्ण असतात की त्यांचा माइक किमान दीड मीटर लांब ठेवणेच योग्य.

प्र. ७. मर्यादित पैशांत कोणते माइक आधी घ्यावेत?

शुअरचे एसएम५७ आणि एसएम५८ हे डायनॅमिक (विजेशिवाय चालणारे) माइक १९६० च्या दशकापासून वापरात आहेत आणि जपून वापरले तर वर्षानुवर्षे टिकतात. एसएम५७ ढोलकी, तबला, गिटार अँप आणि स्नेअर अशा सगळ्या ठिकाणी चालतो, म्हणून पहिली खरेदी त्याची करावी. त्यानंतर लहान डायफ्रॅमच्या (आवाज टिपणाऱ्या पडद्याच्या) कंडेन्सर माइकची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या अधिक संवेदनशील माइकची, एक जोडी घ्यावी; ती ॲकॉस्टिक गिटार, हार्मोनियम आणि ड्रम सेटच्या वर अशी तिन्हीकडे उपयोगी पडते. मोठ्या डायफ्रॅमचा महागडा कंडेन्सर ही पुष्कळ जणांची पहिली खरेदी असते. मात्र ज्या खोलीला अजून काहीही उपचार केलेले नाहीत आणि जेथे सगळे एकत्र वाजवत आहेत, तेथे त्याची तीक्ष्ण संवेदनशीलताच अडचण ठरते. बेस गिटारला माइक न लावता ती डीआय बॉक्समधून (वाद्य माइक इनपुटला थेट जोडणाऱ्या डबीतून) किंवा इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटमधून थेट घ्यावी. खोलीतला एक मोठा आवाज त्याने पूर्णपणे टळतो.

प्र. ८. फँटम पॉवर सर्व चॅनलना एकदम चालू होते. त्याने डायनॅमिक माइक बिघडतो का?

चांगल्या स्थितीतल्या एक्सएलआर केबलने जोडलेल्या डायनॅमिक माइकला फँटमच्या, म्हणजे कंडेन्सर माइकसाठी केबलवाटे दिल्या जाणाऱ्या, ४८ व्होल्टचा त्रास होत नाही. जुन्या रिबन माइकच्या बाबतीत मात्र सदोष केबल असल्यास रिबनला इजा होऊ शकते, म्हणून तो फँटम नसलेल्या गटात जोडावा. केबल जोडताना आणि काढताना फँटम बंद आणि हेडफोनचा आवाज कमी असावा.

प्र. ९. भिंतींना फोम लावला, तरी शेजाऱ्यांची तक्रार थांबत नाही. काय चुकते आहे?

फोमचे काम खोलीच्या आतले परावर्तन कमी करण्याचे आहे. बाहेर जाणारा आवाज तो अडवत नाही. आवाज अडवण्यासाठी वजन आणि हवाबंदपणा लागतो: जड दार, दाराखालची फट बंद करणारी पट्टी, खिडकीला दुसरी काच. भाड्याच्या घरात हे बहुतेक शक्य नसते, म्हणून उगमाचाच आवाज कमी करणे शहाणपणाचे ठरते. बेस थेट घ्यावी, गिटार अँप लहान असावा, ड्रमऐवजी शक्य तेथे काहोन (बसून वाजवायचे पेटीच्या आकाराचे तालवाद्य) किंवा ढोलकी वापरावी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ हा काळ रात्रीचा धरला जातो. रविवारी दुपारी वाजवण्याआधी वरच्या आणि खालच्या मजल्यावर स्वतः जाऊन वेळ सांगून यावे. त्याचा फार उपयोग होतो.

खोलीच्या आतल्या नादासाठी पातळ फोमपेक्षा जाड वस्तू परिणामकारक ठरतात. कोपऱ्यांत उभ्या केलेल्या कापसाच्या गाद्या, दोरीवर टाकलेल्या गोधड्या, पुस्तकांनी भरलेले कपाट आणि जमिनीवर सतरंजी एवढ्यावर खोली पुष्कळ निवळते. कायमची सोय करायची असेल, तर १०० मिलिमीटर जाडीच्या रॉकवूलचे कापडात गुंडाळलेले पॅनेल कोपऱ्यांत लावावेत, कारण लहान खोलीत घुमणारा खर्ज कोपऱ्यांतच साचतो. छताचा पंखा रेकॉर्डिंगच्या वेळी बंद असावा. त्याचा वारा कंडेन्सर माइकवर स्पष्ट ऐकू येतो.

प्र. १०. सगळ्यांनी एकत्र वाजवावे, की एकेकाने येऊन आपापला ट्रॅक द्यावा?

तालवाद्ये, बेस आणि मुख्य साथीचे वाद्य एकत्र घ्यावे आणि गायकाने त्या वेळी फक्त वाटाड्या म्हणून गावे. खरे गायन नंतर शांत खोलीत ओव्हरडब करावे, म्हणजे आधीच्या ट्रॅकवर वेगळे घ्यावे. ज्या बँडचा जीव ठेक्यात आहे, त्याला तुकड्यातुकड्यांनी घेतले की प्रत्येक ट्रॅक निर्दोष आणि गाणे मात्र निर्जीव असे होते. तबलजी गायकाच्या श्वासाकडे पाहून समेवर येतो. तो गायक त्याच्या समोर असायलाच हवा. गायक तान आणि लय जागेवर ठरवणारा असेल, तर त्याचे गायनही एकत्रच घ्यावे आणि ब्लीड (एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरणे) सहन करावा. त्याचे परिणाम प्र. १७ मध्ये दिले आहेत.

प्र. ११. एकाच खोलीत बसल्यावर प्रत्येक माइकमध्ये सगळेच ऐकू येते. वादकांना कसे बसवावे?

ब्लीड संपूर्ण नाहीसा होत नाही. तो कमी करता येतो, आणि मुख्य म्हणजे कानाला सुखद वाटेल असा करता येतो. पहिला उपाय अंतराचा आहे: माइक आपल्या वाद्यापासून जितका दूर आहे, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये असावे. दुसरा उपाय माइकच्या बहिऱ्या बाजूचा आहे. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक अगदी मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, तर सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद पट्टा ऐकणाऱ्या) माइकची बहिरी दिशा समोरून सुमारे १२६ अंशांवर, म्हणजे मागे थोडी तिरकी असते. एसएम५८ पहिल्या प्रकारातला आणि बीटा ५८ए दुसऱ्या प्रकारातला आहे, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा ठेवला की शेजारच्या ढोलकीची जागाही बदलावी लागते. रांगेत बसण्यापेक्षा घोळक्यात, एकमेकांकडे तोंड करून बसावे. नजरानजर टिकते आणि प्रत्येक माइकची पाठ समोरच्या वादकाकडे राहते. वादकांच्या मधोमध भिंत असल्यासारखे गाद्यांचे आडोसे उभे केले, तर ते वाद्याच्या उंचीपर्यंतच असावेत, डोळ्यांच्या आड येऊ नयेत.

बैठक ठरवायला अर्धा तास खर्च करणे मला नेहमीच रास्त वाटते. चांगली बैठक आणि साधे माइक यांनी जे साधते, ते वाईट बैठक आणि भारी माइक यांनी साधत नाही.

प्र. १२. तबला, ढोलकी आणि ड्रम सेटला माइक कसे लावावेत? दोन माइक लावल्यावर खर्ज उलट कमी का होतो?

कारण फेज, म्हणजे दोन माइकवर पोचणाऱ्या एकाच आवाजाच्या लहरींतला वेळेचा फरक, हे आहे. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. एकाच थापेचा आवाज दोन माइकपर्यंत एवढ्या फरकाने पोचला आणि दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीने मिसळले, तर ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज जवळजवळ पुसला जातो आणि त्यावरही ठरावीक ठिकाणी खड्डे पडतात. ढोलकी आणि पखवाज यांत आणखी एक गोष्ट घडते: एका पुडीवर थाप पडली की ती आत जाते आणि आतल्या हवेच्या दाबाने दुसरी पुडी बाहेर ढकलली जाते. दोन टोकांना लावलेले माइक अशा वेळी खर्जात एकमेकांविरुद्ध हालचाल टिपतात. एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून ऐकावे आणि ज्या स्थितीत नाद भरीव वाटेल ती ठेवावी. ही तपासणी टेक सुरू होण्यापूर्वी, मोनोमध्ये करावी.

तबला-डग्ग्यासाठी दोन माइक पुडीपासून सुमारे १५ ते २० सेंटिमीटर वर, वादकाचा हात आडवा येणार नाही अशा बेताने ठेवावेत. डग्ग्याचा माइक फार जवळ नेला की मिंडीतला घसरता खर्ज फुगतो आणि बोल बोथट होतात.

ड्रम सेटला प्रत्येक ढोलावर माइक लावण्याची गरज नाही. इंग्लिश ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी चार माइकची पद्धत लहान खोलीतही चालते: एक किकसमोर, एक स्नेअरजवळ, एक सेटच्या वर आणि एक फ्लोअर टॉमच्या बाजूने. वरचा आणि बाजूचा हे दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर हवेत. ते अंतर डोळ्याने अजमावू नये. दोरी धरून मोजावे.

प्र. १३. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो आणि गायक गोंधळतो.

आवाज संगणकात जाऊन परत येतो, म्हणून हा उशीर होतो. ४८ किलोहर्ट्झला १२८ सँपलचा बफर (संगणक आवाज हाताळण्यापूर्वी साठवतो तो तुकडा) एका दिशेने सुमारे २.७ मिलिसेकंद घेतो, तर १०२४ सँपलचा सुमारे २१. त्यात इंटरफेसचा स्वतःचा वेळ मिळतो. उत्तम उपाय म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंग: इंटरफेसच्या आतच मिक्स करून तो हेडफोनला द्यावा आणि सॉफ्टवेअरमधून येणारा तोच आवाज बंद ठेवावा. मग बफर मोठा ठेवता येतो आणि लॅपटॉपवरचा ताणही कमी होतो. पाच जणांना ऐकवण्यासाठी वेगळा हेडफोन ॲम्प्लिफायर लागतो. हेडफोन बंद कपांचे असावेत. बँडने खोलीतच एकमेकांना ऐकायचे ठरवले, तर फक्त बेस वाजवणाऱ्याला आणि गायकाला हेडफोन देऊनही काम होते.

प्र. १४. क्लिक हवीच का? आमचा तबलजी क्लिकवर वाजवायला तयार नाही.

नंतर कीबोर्ड, लूप किंवा मोठ्या प्रमाणावर कापाकापी करायची असेल, तर क्लिक (हेडफोनमध्ये वाजणारा ठरावीक लयीचा ठोका) हवी. लय हळूहळू चढवत नेण्याची रचना असेल, तर क्लिक लादू नये. मोकळे वाजवून घ्यावे आणि गरज पडल्यास सॉफ्टवेअरमधला टेम्पो मॅप नंतर वाजवण्याप्रमाणे आखून घ्यावा. तबलजीच्या नापसंतीचे कारण पुष्कळदा क्लिकच्या मांडणीत असते. सॉफ्टवेअर चार-चारच्या मापात ठेवून त्यावर रूपक वाजवायला सांगितले, तर जोराचा ठोका प्रत्येक आवर्तनात भलत्याच मात्रेवर पडतो. सात मात्रांचे माप लावले, तरी रूपकाच्या समेवरच खाली असते आणि तेथे क्लिकचा जोर येतो. जोर काढून सगळे ठोके सारखे करावेत, किंवा क्लिकऐवजी ठेक्याचा एक साधा लूप कानात द्यावा.

प्र. १५. हार्मोनियम, गिटार आणि तबला यांचा सूर जुळत नाही. ट्यूनर तर सगळे बरोबर दाखवतो.

गिटारचा ट्यूनर ४४० हर्ट्झचा ‘ए’ धरून चालतो. पेटीचे स्वर त्याच मापाला लावलेले असतीलच असे नाही, आणि ऐनवेळी ते बदलता येत नाहीत. म्हणून पेटी प्रमाण मानावी. गायकाची पट्टी, समजा काळी चार, ठरली की पेटीचा तो षड्ज ट्यूनरवर पाहावा, ट्यूनरचे मूळ माप त्यानुसार सरकवावे आणि गिटार, बेस, तबला हे सगळे त्यावर लावावेत. कीबोर्ड असल्यास त्याचेही फाइन ट्यूनिंग तेवढेच सरकवावे. पावसाळ्यात दमट हवेने पुडी उतरते आणि एसीमध्ये चढते, म्हणून वाद्ये रेकॉर्डिंगच्या खोलीत तासभर आधी आणून ठेवावीत आणि प्रत्येक टेकपूर्वी तबल्याचा सूर पुन्हा पाहावा.

प्र. १६. सर्व ट्रॅकमध्ये घूं असा आवाज येतो. तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन काढली तर तो जातो, असे ऐकले आहे.

ती पिन कधीही काढू नये. तिच्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे, कारण इलेक्ट्रिक गिटारच्या तारांना वादकाचा हात आणि माइकला गायकाचा ओठ लागलेला असतो. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. आवाज थांबला, तर कारण चार्जरच्या बाजूला आहे. मग सगळी उपकरणे एकाच सॉकेटवरच्या एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर आणावीत, शक्य तेथे बॅलन्स्ड केबल (बाहेरचा गोंगाट कमी करणारी) वापरावी आणि अँप व इंटरफेस यांच्यामधल्या डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट (फक्त ऑडिओ केबलमधली अर्थची जोडणी तोडणारे बटण) दाबून पाहावा. खर्जातला स्थिर घूं ५० हर्ट्झच्या विजेचा असतो. चरचरणारा आवाज बहुधा पंख्याच्या रेग्युलेटरचा, डिमरचा किंवा इन्व्हर्टरचा निघतो. घराचे अर्थिंगच सदोष असल्याची शंका आली, तर इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय रेकॉर्डिंग करू नये.

प्र. १७. गायक स्वतः पेटी वाजवतो आणि सगळे एकत्र घेतले आहे. पूर्ण टेक सुंदर आहे, पण एका ओळीत शब्द चुकला. फक्त तेवढे गायन बदलता येईल का?

सहसा नाही. त्या ओळीचा चुकलेला शब्द पेटीच्या आणि तबल्याच्या माइकमध्येही आहे. गायनाचा ट्रॅक बदलला, तरी मागे जुना शब्द पुसट ऐकू येत राहतो. म्हणून असा बँड घेताना प्रत्येक गाण्याचे किमान दोन-तीन पूर्ण टेक, माइक आणि गेन तसूभरही न हलवता, घेऊन ठेवावेत. मग चुकलेला भाग दुसऱ्या टेकमधून सर्व ट्रॅकसह एकदम कापून आणावा. काप समेच्या किंचित आधी, थापेच्या अगदी अलीकडे द्यावा आणि तेथे काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज कमी होत दुसरा वाढत जाणारा सांधा) ठेवावा. थापेच्या जोरात सांधा लपून जातो. दोन टेकच्या लयीत थोडा फरक असेल, तर ओळीऐवजी संपूर्ण अंतरा बदलणे अधिक नैसर्गिक वाटते.

पुढच्या वेळी हा प्रश्न सौम्य करता येतो. फिगर-एट प्रकारचा माइक समोरून आणि मागून ऐकतो, पण दोन्ही कडांनी जवळजवळ बहिरा असतो. असा एक माइक तोंडाकडे रोखून त्याची कड पेटीकडे आणि दुसरा पेटीकडे रोखून त्याची कड तोंडाकडे केली, तर दोन्ही आवाज आश्चर्य वाटावे इतके वेगळे होतात. तसा माइक नसल्यास साधा कार्डिऑइड पेटीच्या वर, खालून तोंडाकडे तिरका रोखावा, म्हणजे त्याची पाठ पेटीकडे येते. भात्याचा आवाज त्यात अधिक येत असेल, तर माइक भात्यापासून आणखी दूर, वादकाच्या छातीच्या बाजूला सरकवून पुन्हा ऐकावे.